व्हर्निअरने मोजलेली नखं

विग डोक्यावर चढवला तरी तो माझा मला दिसत नाही. साडी नेसून मान खाली घातली तर निऱ्या आणि पदराचा काठ तेवढा दिसतो, बाकी सगळी साडी आरशात. काजळ, टिकली, लिपस्टिक हा तर पूर्णच आरशाचा कारभार. म्हणजे रविवारी दुपारी दोन-अडीच तास खपून मी जे काही उभं करतो ते बघायला मला कपाटाचा आरसा नाहीतर मोबाइलचा कॅमेरा लागतो, आणि तिथून दोन पावलं बाजूला झालं की मी पुन्हा मीच, गॅसवर दूध उतू जातंय का ते बघणारा. वरून लावायच्या खोट्या नखांचं तसं नाही. नखं कायम समोर. चहाचा कप उचला, पंख्याचं बटण दाबा, चष्मा वर सरकवा, ती दिसतातच, आणि आपल्या आपल्या डोळ्यांनी दिसतात. बांगड्याही दिसतात म्हणा, पण बांगड्या घातलेला हात माझाच राहतो. नखं लागली की बोटांची टोकंच बदलतात, बोटं लांब वाटायला लागतात आणि हा हात कुणाचा असं मला क्षणभर खरंच वाटून जातं.

क्रॉसड्रेसिंग करणारे बहुतेक जण नखांचा विचार सगळ्यात शेवटी करतात. आधी साडी किंवा ड्रेस, मग विग, मग दाढीचा निळेपणा झाकायची मारामारी, आणि नखं राहिली तर राहिली. माझं उलटं आहे. एखाद्या रविवारी बाकी काहीच जमलं नाही, दाढीसुद्धा केली नाही, तरी नुसती नखं लावून टीव्हीसमोर बसलो तरी माझं भागतं.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मापं घ्यायचा व्हर्निअर नाहीतर मायक्रोमीटर, आणि मशीनवरून नुकते उतरलेले जॉब, कुलंटने ओलेगच्च. संध्याकाळी कितीही साबण लावला तरी नखांच्या कडेला काळी रेघ उरतेच. राहायला पाथर्डी फाट्याकडे. घरी बायको आहे आणि तिला माहितीये. कसं कळलं, ती काय म्हणाली, किती दिवस अबोला होता ते सगळं मी इथे सांगत बसत नाही, ती तिचीही गोष्ट आहे. आता ती शेजारच्या खोलीत मोबाइल बघत बसलेली असते आणि हाक मारली की येऊन खांद्यावरची पिन लावून जाते, इतपत आमचं जमलंय. आणि मला बाई व्हायचं नाहीये. अधूनमधून बाईसारखं दिसायला आवडतं, ते लहानपणापासून आवडतं. ज्यांचं याहून खोल आहे त्यांचं जगणं माझ्यापेक्षा फार अवघड असतं, त्यांच्या रांगेत मी उगाच घुसत नाही.

तर नखं. आपल्याकडे मेन रोडला आणि तिथून भद्रकालीकडे उतरणाऱ्या गल्ल्यांमध्ये बांगड्या-कॉस्मेटिकची दुकानं आहेत, तिथे काउंटरच्या मागे प्लास्टिकच्या पाकिटांत नखांचे सेट लटकवलेले असतात. दुकानात गर्दी बायकांची, त्यात मी उभा, कंपनीचा शर्ट, पाठीला सॅक.

"वहिनींसाठी का दादा?"

"हो."

"कसला कार्यक्रम आहे? लग्नाचं असेल तर हे स्टोनवालं घ्या."

"साइज कुठला येतो यात?"

"साइज-बिइज काय नसतो दादा, सगळी येतात त्यात. बसतात कुणालाही."

कुणालाही बसत नाहीत. बहुतेक पाकिटांत 24 नखं असतात, दहा-बारा मापांची, प्रत्येकाच्या मागे बारीकसा आकडा उठवलेला, 0 सगळ्यात मोठं आणि आकडा वाढत जाईल तसं नख लहान. हा सगळा हिशेब बाईच्या हाताचा. कासाराला बाईचा हात हातात घेऊन जरा दाबून बघितला की बांगडीचं माप कळतं, दोन-चार की दोन-सहा, विचारावंसुद्धा लागत नाही, आमच्या लग्नात चुडा भरायला आलेल्या कासारणीने बायकोच्या मावश्या-माम्यांचे हात धडाधड असे वाचले होते की मी बघतच राहिलो. नखांना असा कुणी कासार नाही. तुमचं तुम्ही मोजायचं.

मोजणं हा तर माझा धंदाच. पण इथेही एक गंमत आहे, नखावर सरळ व्हर्निअर धरला तर माप खोटं येतं, कारण नख सपाट नसतं, त्याला कमान असते. व्हर्निअर जीवा मोजतो, आपल्याला हवा असतो कंस, नववी-दहावीची भूमिती. त्यामुळे नखावर आडवी सेलोटेप दाबून बसवायची, दोन्ही कडांना बारीक पेनाने खूण करायची, टेप उचलून कागदावर सपाट चिकटवायची आणि मग खुणांमधलं अंतर घ्यायचं. माझा उजवा अंगठा 17 मिलिमीटर भरला, डावा त्याहून जरा कमी, करंगळ्या साडेदहाच्या आसपास. त्या दुकानातल्या पाकिटातलं 0 नंबर 15 ला पण पोचत नव्हतं. आता सगळ्या बोटांची मापं एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून लावलीयत, कुणी बघितलं तर इन्स्पेक्शन रिपोर्टच वाटेल, बोटांच्या नावांऐवजी मी एक ते दहा आकडेच टाकलेत.

अरुंद नख जबरदस्तीने बसवायचं म्हटलं तर ते बाजूच्या मांसात रुततं, अर्ध्या तासात ठणकायला लागतं, आणि प्लास्टिकला आपल्या मूळ कमानीत परत जायचं असतं त्यामुळे ते स्वतःच उचकटून निघतं, बहुतेक वेळा सगळ्यात नको त्या वेळी. थोडंच कमी पडत असेल तर नख गरम पाण्यात बुडवून किंवा हेअर ड्रायरची गरम हवा देऊन बोटांनी जरा पसरवता येतं, गार होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. पण रुंद असेल तर कसली चिंताच नाही, फाइल घ्या आणि बाजूने घासा. शॉपफ्लोअरचा नियमच आहे हा, मटेरियल जास्त असेल तर रीवर्क, कमी असेल तर स्क्रॅप. म्हणून आता मी मोठ्या मापाचे सेट ऑनलाइन मागवतो आणि दोन्ही बाजूंनी घासून बसवतो. घासताना पांढरी भुकटी पडते ती मांडीवर पेपर पसरून त्यात घ्यायची, नाहीतर बायको दुसऱ्या दिवशी सोफ्यावर बोट फिरवून दाखवते.

आकाराचं मला खरं ज्ञान मिळालं ते कॉलेज रोडच्या एका नेल स्टुडिओत. मेव्हणीच्या साखरपुड्यासाठी बायकोने हौसेने जेल एक्स्टेन्शन केलं होतं आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून होतो, तिची पर्स धरून, कंटाळलेल्या नवऱ्याचा चेहरा करून. कंटाळलो अजिबात नव्हतो. नखं करणारा विशीतला पोरगा होता. समोरच्या बाईचा हात हातात धरून तो शांतपणे काम करत होता, आणि त्यात कुणालाही काही वाटत नव्हतं, त्या पोराला नाही, बायकोला नाही, दारातून आत-बाहेर करणाऱ्या कॉलेजच्या मुलींना नाही. पुरुषाने नखं रंगवावीत, फक्त दुसऱ्याची, एवढं आपल्या गावाला आता चालतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की हे चौकोनी आणि हे टोकदार, फरक काय पडतो. तो म्हणाला, "ज्यांचं नख रुंद आणि आखूड असतं ना सर, त्यांनी स्क्वेअर नाही घ्यायचं, बोट अजून जाड दिसतं. ओव्हल नाहीतर आल्मंड." मग त्याने माझ्या हाताकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "तुमच्यासारखं नख असेल तर आल्मंडच." त्याला काय कळलं काय नाही, त्यालाच माहीत. बायकोने मात्र हसू दाबायला खोकल्याचं सोंग केलं.

पोरगा बरोबर होता. पुरुषाच्या हाताला आल्मंड बरं दिसतं, कारण कडा आत वळत जातात आणि नजर रुंदीऐवजी लांबीकडे जाते. लांबीही बोटाच्या टोकापुढे चार-पाच मिलिमीटर, बास. ती इन्स्टावरची शवपेटीच्या आकाराची लांबलचक नखं मला आवडत नाहीत, त्यात माणसाला हात दिसतच नाही, नुसती नखं दिसतात. रंगाचंही तेच. गडद मरून लावला की कड न कड उठून दिसते आणि जरा जरी वाकडं बसलं असेल तर लांबून कळतं. कातडीच्या जवळचा रंग, फिकट गुलाबी, चहात दूध जास्त झाल्यावर होतो तो रंग, यात सगळं झाकलं जातं. बायको याला बिनरंगाचा रंग म्हणते. तिला मरून आवडतो.

लावायच्या आधीची तयारी लोक टाळतात आणि मग तासाभरात नख पडलं म्हणून ग्लूला शिव्या घालतात. पहिली गोष्ट म्हणजे बोटांच्या पेरांवरचे केस, ते काढायचे, नाहीतर वर कितीही गुलाबी करा, खालून बाप्या डोकावतो. मग साडी, पिना, विग, बांगड्या हे सगळं आधी उरकायचं. बांगड्या तर आधीच, कारण साबण लावून हात चेपत बांगडी चढवताना नखं मधे आली तर दोन्हीची वाट लागते. मग अंघोळीने मऊ झालेली क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडी, लाकडी काडीने मागे सारायची, कापायची नाही. स्वतःची नखं आखूड कापायची. बफरने वरची चकाकी घालवायची, चकाकीच फक्त, नख पातळ नाही करायचं. मग स्पिरिटने पुसायचं. हे पुसल्यानंतर केसांना हात नाही, चेहऱ्याला हात नाही, कारण आपल्या घरात कुठे ना कुठे खोबरेल लागलेलं असतंच आणि तेलावर ग्लू धरत नाही. दहाच्या दहा नखं पेपरवर क्रमाने मांडून ठेवायची. ग्लूचा थेंब बारीक, पण एक आपल्या नखावर आणि एक प्लास्टिकच्या आत. नख तिरकं धरून आधी मुळाशी टेकवायचं आणि मग पुढे दाबत आणायचं म्हणजे आत हवा राहत नाही, आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं. अंगठे शेवटी. आधी अंगठे लावले तर बाकीची आठ कशाने धरणार?

हा ग्लू म्हणजे सायनोअॅक्रिलेट, आपल्या फेविक्विकच्याच कुळातला, पण नखांसाठी वेगळा बनवलेला मिळतो तोच घ्यायचा. 1942 साली अमेरिकेत कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर नावाचा केमिस्ट बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता, त्यात हे रसायन हाती लागलं, ते दिसेल त्याला चिकटायला लागलं म्हणून वैतागून बाजूला ठेवलं, आणि 1958 मध्ये तेच चिकटवायचा पदार्थ म्हणून बाजारात आलं. हवेतल्या आणि नखावरच्या ओलाव्यानेच ते घट्ट होतं, म्हणून थर जितका पातळ तितकी पकड जास्त. एक गोष्ट कळकळीने सांगतो, हे सांडलं तर कापसाने पुसायला जाऊ नका. कापसाशी त्याची जोरात रिॲक्शन होते, धूर निघतो आणि हात भाजतो. आमच्या कंपनीत सेफ्टीच्या ट्रेनिंगला हे करून दाखवलं होतं आणि सगळे आ वासून बघत होते, मी मात्र मनात म्हणत होतो की बरं झालं आज आलो.

आणि ही पार्लरमधली ॲक्रिलिक नखं, त्यांचंही मूळ पुरुषाच्याच हातात आहे. फ्रेड स्लॅक नावाचा अमेरिकेतला दंतवैद्य, 1954 मध्ये काम करताना त्याचं नख तुटलं, त्याने दातांना वापरायचं ॲक्रिलिक आणि ॲल्युमिनियमची फॉइल घेऊन स्वतःचं नख तयार केलं, आणि पुढे तोच धंदा झाला. तुटलेलं नख एका बाप्याचं होतं हे मला उगाच आवडतं. मी स्वतः मात्र ॲक्रिलिकच्या वाटेला जात नाही, सोमवारी सकाळी फर्स्ट शिफ्टला ते कुठे ठेवून जाणार.

नखं लावल्यावर जे होतं ते लावण्यापेक्षा जास्त मजेशीर आहे. मोबाइलचा स्क्रीन बोटाच्या कातडीला ओळखतो, प्लास्टिकला नाही, त्यामुळे बोट आडवं करून पोटाने टाइप करावं लागतं आणि मनगट आपोआप वाकतं. फरशीवर पडलेलं नाणं उचलताच येत नाही, ते कडेपर्यंत सरकवत न्यावं लागतं. शर्टाचं बटण, पर्सची चेन, पाकिटातून नोट काढणं, सगळं हळू होतं, चिमटीऐवजी बोटांच्या बाजूने होतं. मी पूर्वी व्हिडिओ बघून बघून बायकी हावभाव शिकायचा प्रयत्न करायचो, कप कसा धरायचा, बट कशी मागे घ्यायची, आणि आरशात ते तमाशातल्या नाच्यासारखं दिसायचं. नखं लावली आणि ते न शिकता आलं. ज्याला आपण नजाकत म्हणतो त्यातली निम्मीअर्धी तरी नख वाचवायची धडपड असणार असं माझं आता मत झालंय.

हे मी मोठ्या उत्साहात बायकोला सांगितलं. ती पतसंस्थेत कॅशला आहे, दिवसभर नोटा मोजते, आणि ते साखरपुड्याचं जेल सोडलं तर तिची नखं कायम बोटालगत कापलेली. ती म्हणाली, "असं का? मग ही घे परात. कणीक मळून दाखव."

मी पण इरेला पेटलो. पाण्याचा हात लागल्यावर पहिल्यांदा सगळ्या नखांच्या खाली पीठ जाऊन बसलं, मग तळव्याने मळायचं म्हटलं तर बोटं वर हवेत, आणि तिसऱ्या-चौथ्या दाबाला उजव्या हाताची अनामिका मोकळी झाली. नख कणकेत. दोघं मिळून गोळा पसरून पसरून शोधत होतो, पदर माझा खांद्यावरून घसरतोय, विग कपाळावर आलेला, आणि ती हसून हसून ओट्याला टेकलेली. सापडलं. तो गोळा कचऱ्यात गेला आणि त्या रात्री मिसळ पाव बाहेरून आला.

पण जेवताना ती जे बोलली ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिचं माहेर निफाडकडचं, द्राक्षबाग आणि थोडा कांदा. ती म्हणाली, "माझ्या आईने कधी नखं वाढवली नाहीत. वाढतील कशी, आधीच तुटायची. विरळणीच्या दिवसांत बोटं बघवायची नाहीत तिची. तू रविवारी जी बाई होतोस ना, ती काही काम न करणारी बाई आहे."

मी म्हटलं, हो.

खरंच आहे ते. सासूबाईंच्या नखांच्या कडा फुटलेल्या असतात, माझ्या आईच्या नखांवर हळद कायमची मुरलेली होती. मी या बायकांसारखं दिसायला बसत नाही. माझे हात सहा दिवस ऑइलमध्ये असतात आणि सातव्या दिवशी मला असे हात हवे असतात ज्यांनी नाणंसुद्धा उचलता येत नाही. बाईपणाबद्दल मला काही थोर कळलंय असं नाही, मला बाईपणातली एक सुट्टी हवी असते, आणि ती सुट्टी सासूबाईंना कधी मिळाली नाही, ज्या जन्माने बाई आहेत. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी नखं लावायचंही सोडलेलं नाही. दोन्ही खरं आहे.

आपल्या गावाला याचं वावडं असायचं कारण नाही म्हणा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे त्या दादासाहेब फाळक्यांना 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती करायला कुणी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात कामाला असणाऱ्या अण्णा साळुंक्यांना त्यांनी उभं केलं. पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केलं. एका माणसात दोघं! पंचवटीत कुणाला सांगितलं तर आधी चिडतील आणि मग विचारतील की दोघं एका वेळी कसे दाखवले. मला मात्र साळुंक्यांच्या हातांचं वाटतं, हॉटेलात राबलेले हात, ते सीतेचे म्हणून पडद्यावर कसे वागले असतील. आणि शूर्पणखा राहिलीच. जिचं नाक इथे कापलं गेलं आणि म्हणून गावाचं नाव नाशिक असं आपण लहानपणापासून ऐकतो, ती तर सुपाएवढ्या नखांची आणि रूप बदलून आलेली. तिचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, म्हणून मी नखं लावून पंचवटीच्या बाजूला जात नाही असं मी बायकोला सांगतो.

जातो ते गंगापूर धरणाच्या बाजूला, पावसाळ्यात, अंधार पडता पडता. गाडी बायको चालवते. मी शेजारी, सीटबेल्टचं बटण दाबायला पण मला दोन प्रयत्न लागतात. मागच्या पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला कणसं भाजणाऱ्या एका मावशीपाशी गाडी उभी केली, पाऊस चांगलाच होता, मी काच चार बोटं खाली केली आणि पैसे धरलेला हात तेवढा बाहेर काढला. मावशीला माझा चेहरा दिसत नव्हता, काच धुरकटलेली. तिने हाताकडे बघितलं आणि विचारलं, "तिखट जास्त लावू का गं?" मला बोलायची सोय नव्हती, आवाज काढला तर सगळंच मुसळ केरात. बायकोने पलीकडून ओरडून सांगितलं, "हो मावशी, एकाला जास्त, एकाला कमी." कणीस हातात आलं, गरम, लिंबू-मीठ चोपडलेलं, आणि ते मी सगळी बोटं ताठ करून, दोन तळव्यांत धरून खाल्लं. नखांखाली तिखट गेलं ते रात्री डोळ्यातली लेन्स काढताना कळलं.

उतरवायचं काम रविवारी रात्री. यात घाई केली की संपलं. ओढून काढलं तर प्लास्टिकबरोबर स्वतःच्या नखाचे पापुद्रे निघतात, आणि बोटाचं नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे खराब झालेलं अख्खं नख पुढे सरकून जायला सहा महिने. कोमट पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण आणि चमचाभर खोबरेल घालून पंधरा-वीस मिनिटं हात बुडवून बसायचं, मग कडेने काडी घालून हळूहळू सैल करायचं, आलं नाही तर परत बुडवायचं. ॲसिटोनने पटकन होतं, आमच्याकडे कंपनीत गेज पुसायला असतंच, पण त्यात ही प्लास्टिकची नखंही विरघळून चिकट होतात, परत वापरता येत नाहीत. आणि काढायचा आळस करून आठवडाभर ठेवायची तर अजिबात नाही. खाली पाणी साचलं की स्युडोमोनास नावाचा जंतू वाढतो आणि नख हिरवं पडतं. हिरवं दिसलं तर वरून दुसरं नख लावून झाकायचं नाही, उघडं ठेवायचं आणि स्किनच्या डॉक्टरला दाखवायचं. डॉक्टर काय विचारतील याची लाज वाटत असेल तर सांगतो, त्यांच्याकडे याहून भारी केसेस येतात.

काढल्यावरही ग्लूचा एखादा चमकता ठिपका राहतोच. सोमवारी चहाच्या सुट्टीत एकाने माझा हात धरून विचारलं, "काय रे, हे काय चिकटलंय?" मी म्हटलं, फेविक्विक सांडलं. तो म्हणाला, माझ्या पण पॅन्टवर सांडलं होतं परवा, आणि पॅन्टची गोष्ट सांगत बसला. रसायनाचं म्हटलं तर मी खोटं बोललोही नव्हतो. सगळ्यात निर्धास्त दिवस रंगपंचमीनंतरचे. नाशिकमध्ये रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारून आलेल्या माणसाची नखं पुढे कितीतरी दिवस गुलाबी असतात, शॉपफ्लोअरवर सुपरवायझरपासून हेल्परपर्यंत सगळ्यांची, त्या दिवसांत मी कडेला राहिलेला नेलपेंट पुसायचे कष्टही घेत नाही. निवडणुकीची शाई पण तशीच चिवट, पण ती एकाच बोटाला आणि रंगही वाईट.

आता राहिला तो उरलेल्या नखांचा विषय. प्रत्येक सेटमधली मोठी नखं मला लागतात आणि लहान तशीच राहतात, पाच-सहा-सात-आठ नंबरची. ती फेकवत नव्हती म्हणून एका रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यात साठवत गेलो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघताना बायकोने तो डबा उघडला, सेलोटेप मागितली, तिच्या बोटांची मापं माझ्याकडून काढून घेतली, आणि एकेक निवडून दहा जमवली. टॅबने, म्हणजे दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्ट्यांनी लावली, ग्लूने नाही, रात्री कॅशचा हिशेब बघायचा होता. बायकांनी विचारलं तर म्हणाली ऑनलाइन घेतली.

त्यामुळे आता अर्धा सेट तिचा, असं तिचं म्हणणं आहे, आणि अर्धे पैसे ती देणार म्हणून रंगही तिच्या मताने. माझं म्हणणं असं की मरूनमध्ये माझ्या अंगठ्याची घासलेली कड दिसते. तिचं म्हणणं, मग नीट घास. सेट कार्टमध्ये पडून आहे, मरूनच, एक्स्ट्रा लार्ज.